कंपासपेटीतली गोळी

आमचे गणिताचे सर मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या भाजीचं क्षेत्रफळ काढायचे. खोटं नाही सांगत. स्टाफरूममध्ये डबे उघडले की ते जुन्या उत्तरपत्रिकेचा कोरा तुकडा फाडायचे, तुमच्या भाजीवर अलगद टेकवायचे आणि खिडकीच्या उजेडात धरायचे. तेलाचा डाग पसरून थांबला की कंपासपेटीतून पट्टी निघायची. व्यास मोजायचा, निम्मा करायचा, मग पाय आर वर्ग. उत्तर लाल पेनाने त्याच कागदावर लिहून कागद तुमच्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा.

"साडेबारा चौरस सेंटिमीटर. बाई, ही वांग्याची भाजी आहे की दिवाळीची पणती?"

बाई म्हणजे मी. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका गावातल्या हायस्कुलात मी मराठी शिकवते. त्याच शाळेत मी शिकले, आणि याच सरांच्या हाताखाली गणिताने माझी हाडं मोडली. पुढे त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर बसायची वेळ आली, तरी सरांच्या लेखी माझी बढती अर्धवटच झाली होती. शाळेत चारचौघांत 'बाई', आणि एकटी सापडले की 'अगं ए'. माझ्या नवऱ्याने पंधरा वर्षांत माझ्या भाजीला नाव ठेवलं नाही, आणि हे गृहस्थ रोज तिला लाल पेनाने नापास करायचे. राग यायचा हो! पण बोलायची सोय नव्हती. ज्यांच्यासमोर आपण एके काळी अंगठे धरून उभे राहिलोय, त्यांना 'माझा डबा, माझी मर्जी' असं सांगायला जीभच वळत नाही.

बरं, हे सगळं हौसेपोटी चाललेलं नव्हतं. सरांचे वडील वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. थोरले भाऊ गेले तेही छप्पन्नाव्याच वर्षी आणि तसेच. सरांना तेव्हा पंचावन्नावं चालू होतं. गणिताच्या माणसासमोर दोन सारखे आकडे ठेवले की तिसरा काढायची त्याला खोडच असते. सरांनी तो काढून ठेवला होता. कुणाला बोलून दाखवत नव्हते, पण काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत होतं आणि काकूंनी मला सांगितलं होतं.

त्यातच शाळेत आरोग्य शिबिर झालं. सगळ्या स्टाफचं रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आले तेव्हा लॅबच्या माणसाच्या हातून सरांनी तो गठ्ठाच ओढून घेतला आणि प्रगतिपुस्तकं वाटावीत तसे नाव पुकारून रिपोर्ट वाटले. वर सगळ्यांना ऐकू जाईल असा शेरा. आधी फळ्यावर समजावूनही सांगितलं. "एलडीएल म्हणजे वर्गातला वांड पोरगा. कामधंदा नाही, भिंतीला टेकून उभा राहणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवणार. एचडीएल म्हणजे मॉनिटर. त्या वांडाला बखोटीला धरून बाहेर काढणार. वांड शंभराच्या आत पाहिजेत, मॉनिटर पन्नासच्या वर. समजलं?" मला तरी कुठल्या डॉक्टरने इतकं नीट समजावलेलं नाही, हे कबूल करायला हवं.

आम्ही बहुतेक सगळे काठावर होतो. सर स्वतः सपशेल नापास. एलडीएल एकशे नव्वद. तोही त्यांनी खणखणीत आवाजात वाचला, कारण न्याय म्हणजे न्याय. आणि वर्गात पहिला नंबर कुणाचा? आमच्या शिपाईमामांचा! डोंगराच्या पायथ्याच्या गावातले मामा, सरांच्याच वयाचे. सरांनी तो कागद तीनदा वाचला आणि मामांकडे संशयाने पाहिलं.

"मामा, काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं नाय सर," मामा घाबरून म्हणाले. "त्याने सुई टोचली, रगत आलं. मी नुसता बसलो होतो."

मग मामांची चौकशी सुरू झाली. काय खाता? नाचणीची भाकर, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला, कधी सुका बांगडा भाजून. पावसात रानात येईल ती भाजी. तेल? "तेल हाय ना. बाटली हाय. सणाला काढतो." व्यायाम? मामांना हा प्रश्नच कळला नाही. सरांनी विचारलं, चालता किती? तर घर ते शाळा सहा किलोमीटर, तेवढेच परत. "यष्टी येत नाय आमच्याकडं, तर काय करू?" सर वहीत सगळं उतरवून घेत होते. शेवटी मामा म्हणाले, "सर, हे आमचं दुसरं काय नाय म्हणून खायचं खानं हाय. तुमी त्याला पथ्य म्हनता." सरांनी तेही लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्या दिवसापासून सरांनी मामांची कॉपी सुरू केली, असं मी एकदा म्हणाले. सरांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला. कॉपी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. दहावीच्या परीक्षेला सर पर्यवेक्षक असले की पोरं देवाला नवस बोलायची. मोज्यातून, बाहीच्या शिवणीतून, एकदा तर हाताला बांधलेल्या खोट्या बँडेजातून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. सख्ख्या पुतण्याला त्यांनी पेपरावरून उठवलं होतं, आणि ते घर दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्यांचं एक वाक्य आमच्या शाळेत जन गण मन इतकंच पाठ होतं: "मी माझ्या हयातीत कुणाला अर्धा मार्क वाढवून दिलेला नाही."

तर पथ्य. सर पहाटे उठायचे, वंदना म्हणायचे आणि रात्री भिजवलेले मेथीचे दाणे चावून खायचे. नंतर ओट्स. त्यांचं नाव त्यांनी 'घोड्याचा खुराक' ठेवलं होतं आणि नाक दाबून खायचे. दुपारी नाचणीची भाकरी, वाल किंवा मूग, आणि जवसाची चटणी. ही चटणी ते खडूच्या रिकाम्या खोक्यात आणायचे आणि तुम्ही नको नको म्हणत असताना तुमच्या भातावर शिंपडायचे. बुधवारी बांगडा, पण तव्यावर नुसता भाजलेला. चार अक्रोड खिशात. आणि कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या शाळेत निघता निघता. त्या लसणाने आमच्या शाळेत क्रांती केली. आधी शेवटच्या बाकासाठी फक्त उनाड पोरं भांडायची. आता हुशार मुलीसुद्धा प्रार्थना संपायच्या आधी मागे दप्तर टाकून यायला लागल्या.

रिपोर्टवर पालकांची सही आणायची, असाही त्यांनी नियम काढला. पालक म्हणजे घरी जो स्वयंपाक करतो तो. सगळ्यांनी निमूट आणली. सरांच्या रिपोर्टवर काकूंनी सही केली आणि वर शेरा मारला, 'घरी सांगून ऐकत नाहीत.' सरांना तो शेरा आवडला. योग्य ठिकाणी आहे म्हणाले.

असा माणूस निष्ठुर असेल असं तुम्हाला वाटेल. एकदा मी कर्जत स्टेशनबाहेर वडापाव घेऊन उभी होते. पहिला घास तोंडात, आणि पाठीमागून "अगं ए!" माझा घास घशातच बसला. सर आले, सवयीने खिशातून कागद काढला, वड्यावर टेकवला. कागद सगळाच्या सगळा पारदर्शक झाला. सर म्हणाले, "कागद संपला." आता भाषण होणार म्हणून मी मान खाली घातली, तर काहीच नाही. वर पाहिलं तर सर डोळे मिटून कढईच्या दिशेने उभे होते आणि मोठा श्वास घेत होते.

"वासाने एलडीएल वाढत नाही," ते म्हणाले. "मी डॉक्टरांना विचारून घेतलंय."

दोन श्वास घेऊन ते निघून गेले. तो वडा मला काही गोड लागला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

तीन महिन्यांनी सरांचा रिपोर्ट पुन्हा आला. एकशे साठ! सरांनी स्टाफला मोड आलेले मूग वाटले. पेढ्यांसारखे, एकेक चमचा, हातावर. मग काकूंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. कर्जतचे डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "सर, कमाल केलीत. खाण्याने उतरायचं तेवढं उतरलं. पण हे तुमच्या घराण्यात आहे, तुमचं यकृतच जास्तीचं तयार करतं. त्याला पथ्य कळत नाही. पथ्य चालूच ठेवा, आणि आजपासून रोज रात्री ही एक गोळी."

सर खुर्चीवरून उठले. "म्हणजे अभ्यास करायचा मी, आणि पेपर लिहायचा गोळीने? ही तर कॉपी झाली!"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं सर गंमत करतायत. काकूंना माहीत होतं की नाही करत. सरांनी गोळ्यांची पट्टी घरी आणली आणि कंपासपेटीत कर्काटकाच्या शेजारी ठेवून दिली. पुढच्या तिमाहीत आणखी अभ्यास करतो म्हणाले. ओट्स दोन वेळा सुरू झाले. काकूंनी त्या एकशे साठच्या रिपोर्टवर सही करायला साफ नकार दिला. "गोळी सुरू करा, मग सही. नाहीतर राहू दे कोरा." आयुष्यभर पोरांना 'सही आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही' म्हणणारा माणूस स्वतः बिनसहीचा फिरायला लागला. तेवढ्यात सरांना छप्पन्नावं लागलं.

डिसेंबरात नववीची सहल माथेरानला गेली. दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढे पायी. सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे, एकोणतीसचा पाढा म्हणत. चढावर कुठेतरी पाढा थांबला. मी पुढे धावले तर सर एका झाडाला धरून वाकलेले.

"काही नाही. बुटाची नाडी सुटली."

सरांच्या पायात चपला होत्या. थंडीत शर्ट घामाने ओला झाला होता. समोरून घोडेवाला येत होता, त्याला मी हाक मारली. तर सर त्या अवस्थेत हात हलवून म्हणतात, "मी नाही बसणार. वर्षभर याच्या तोंडचे ओट्स मी खातोय, आणि वर याच्या पाठीवर बसू?"

घोडेवाला गोंधळला. "साहेब, आमचा घोडा गवत आन चणे खातो. वोट्स त्यानं बघितले पन नाय."

मला रडू फुटलं होतं आणि त्यातच हसू आलं, आणि दोन्हींचा मला संताप आला. शेवटी हातरिक्षात बसवून त्यांना दस्तुरीला उतरवलं, तिथून गाडीने कर्जत, तिथून पनवेलच्या हॉस्पिटलात. तपासण्या झाल्या. हृदयाची एक नळी अर्धी बुजली होती. वेळेवर आलात, तिथले डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नको, पण गोळ्या रोज आणि जन्मभर.

वाटलं, आता तरी सुटलो. कसलं काय! रक्त पातळ करायची गोळी सर शहाण्यासारखी घ्यायचे. ते म्हणे औषध. कोलेस्टेरॉलची मात्र कंपासपेटीतच. कारण तिच्याने निकाल बदलतो, आणि निकाल ज्याने बदलतो ती कॉपी. मी भांडले, डॉक्टर भांडले. मामा येऊन सांगून गेले, "सर, घ्या की. चिंचोक्याएवढी पन नाय ती." काकू भांडायच्या थांबल्या होत्या. त्या मला फोनवर फक्त म्हणाल्या, "मार्चपर्यंत छप्पन्नावं आहे गं. मी दिवस मोजतेय." त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत शाळेच्या जुन्या कपाटाला वाळवी लागली, आणि आतली निकालपत्रकं उन्हात टाकायचं काम माझ्याकडे आलं. मामा गठ्ठे काढत होते, मी झटकत होते. एका गठ्ठ्यावर माझ्या नववीचं वर्ष दिसलं. कुणाला मोह आवरेल? मी माझं नाव शोधलं. गणितात मला पस्तीस पडले होते. काठावर का होईना, पण सरांच्या हातून मिळालेले अस्सल पस्तीस! ते मी जन्मभर मिरवले. नवऱ्याला सांगितले, मुलाला सांगितले, स्टाफरूममध्ये तर शंभरदा.

माझ्या नावापुढे निळ्या शाईत एकतीस लिहिलेलं होतं. त्यावर लाल रेघ. शेजारी लाल पस्तीस, सरांची सही आणि एक छोटा तारा. पानाच्या तळाशी तसाच तारा काढून लिहिलं होतं, 'चार गुण वाढवून वर्गोन्नत.' अख्ख्या पानावर तारा एकच होता.

आधी माझं नाक कापलं गेल्यासारखं झालं. मग एकदम आठवलं. त्या वर्षी आमच्या कडावच्या घरी बाबांनी सांगून ठेवलं होतं, नापास झालीस तर शाळा बंद, म्हशी सांभाळायच्या. दोन म्हशी दावणीला होत्याच. मी त्या उन्हात, वाळवीच्या धुळीत मटकन खाली बसले. मामांना वाटलं मला ऊन लागलं.

शाळा सुटल्यावर ते निकालपत्रक पिशवीत घालून मी थेट कर्जतला सरांच्या घरी गेले. सर दुसऱ्या वेळचे ओट्स खात होते. मी पान उघडून ताटाशेजारी ठेवलं.

"सर, हे काय आहे?"

सरांनी चष्मा लावला. पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चोरी पकडली गेली की पोरांचे कान लाल होतात, तसे सरांचे झाले. काकू पदराला हात पुसत आल्या, वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई!"

"तुला ताप होता त्या दिवशी," सर शेवटी म्हणाले. "शेवटचं गणित तू बरोबर सोडवलंस आणि खोडलंस. रेघेखाली मला उत्तर दिसत होतं."

"खोडलेल्याला मार्क नसतात. तुम्हीच शिकवलंत."

"नसतात." ते ओट्सकडे बघत बोलत होते. "पण तू वर्षभर घासत होतीस गं. तुला येत नव्हतं, हे खरं. पण जो जीव तोडून करतो आणि चार मार्कांनी अडतो, त्याला खाली ठेवणं हा न्याय नाही. ती माझी चूक ठरली असती, तुझी नाही."

मला एवढंच हवं होतं. माझा आवाज चढला, सरांसमोर जन्मात पहिल्यांदा. "मग तुमच्या यकृताने काय घोडं मारलंय? त्याला येत नाही, सर! घराण्यातच नाही त्याच्या. आणि तुम्ही वर्षभर जीव तोडून करताय. मेथ्या चावताय, वड्याचा नुसता वास घेताय. त्या बिचाऱ्याला खालीच ठेवायचं? माझ्यासाठी लाल पेन उचललंत, तेव्हा माझं आयुष्य वाचलं. नाहीतर मी आज कडावला शेण काढत असते. आता काकूंसाठी उचला की! का त्यांना मार्चपर्यंत दिवस मोजायला लावताय?"

सरांनी झटकन काकूंकडे पाहिलं. काकूंनी तोंड फिरवलं होतं, पण खांदे हलत होते. सरांनी चमचा खाली ठेवला, कंपासपेटी ओढली, उघडली.

"कॉपी नाही ही?" त्यांनी विचारलं. मलाच विचारलं, अगदी खरोखरच्या शंकेने.

"नाही सर. वाढीव गुण."

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. सरांनी गोळी घेतली, आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं. वर म्हणाले, "तारा घालावा लागेल. लपवाछपवी नको."

मार्च सरला, सरांना सत्तावन्नावं लागलं. त्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी आणि भाजलेला बांगडा होता. सरांनी कागद काढला नाही, हीच मेजवानी. जेवण झाल्यावर त्यांनी नवा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. एलडीएल पंच्याण्णव. त्या पंच्याण्णवच्या डोक्यावर लाल पेनाने एक छोटा तारा काढलेला, आणि तळाशी: 'एक गोळी वाढवून वर्गोन्नत.' त्याखाली काकूंची सही होती, पूर्ण नावानिशी, ठसठशीत.

माझे डोळे भरून आले. सरांना ते बघवलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि वर्गातल्या आवाजात बजावलं, "हे शाळेत कुणाला सांगायचं नाही. तुझंही नाही आणि माझंही नाही. मी माझ्या हयातीत कुणाला अर्धा मार्क वाढवून दिलेला नाही."

आतून भांडी घासता घासता काकू ओरडल्या, "हयात आहात, म्हणून तर बोलताय! आजची गोळी घेतलीत का?"

सरांनी मुकाट्याने कंपासपेटी उघडली.